उष्टी टाकी

नोव्हेंबर लागला की आमच्या लॅबमध्ये दुपारच्या डब्यानंतर कोणी ना कोणी संत्रं सोलायला घेतं. साल दुमडली की तिच्यातून बारीक फवारा उडतो, शेजारच्याच्या डोळ्यात जातो, तो "अरे बाप्पा" करत डोळे चोळतो आणि सगळे हसतात. मीही हसते. पण तो वास नाकात गेला की माझं जेवण तिथेच संपतं. नागपूरची बाई आणि संत्र्यावर राग, हे ऐकून बाहेरगावच्यांना गंमत वाटते. वर्धा रोडवर हातगाड्यांवर आंबिया बहाराच्या, म्हणजे हिवाळी संत्र्यांचे ढीग लागले की मला दरवर्षी तोच एक हंगाम आठवतो, आणि दरवर्षी मी त्याच्यावर नव्याने चिडते.

पंधराएक वर्षांची चीड आहे ही. आता चांगली मुरली आहे.

काटोलच्या पुढे आमची संत्र्याची बाग होती, अजूनही आहे. बागेच्या कडेला पत्र्याचं एक लांबट शेड, शेडमध्ये स्टीलच्या तीन टाक्या, आणि फाटकावर निळ्या अक्षरांत 'वायनरी' असा बोर्ड. लहान फळांचा बारीक माल व्यापारी नेत नाही, गेलाच तर पडेल भावात. बाबा एकदा नाशिककडे लग्नाला गेले होते, तिथे कोणाच्या तरी द्राक्षाच्या वाईनचा कारखाना पाहून आले आणि महिनाभर त्यांच्या तोंडी एकच वाक्य होतं. "थे लोक द्राक्षाची करते, आपण संत्र्याची काहून नाही?" मग परवाने आले, टाक्या आल्या, नाशिकहून एक जाणकार माणूस आला. त्याला आम्ही मास्टर म्हणायचो. पहिले दोन हंगाम तो आमच्याकडे राहिला, त्याने शिकवलं, त्यानेच चाखलं, आणि वाईन खरोखर चांगली झाली. नागपूरच्या एका हॉटेलने ती ठेवली. काही दुकानांनी ठेवली.

आणि हे सगळं कोणाच्या घरात? ज्या घरात दारूचा थेंब चालत नाही, त्या घरात. बाबांचे वडील पिण्याने गेले. ते कसे गेले, हे आमच्याकडे कोणी सांगत नाही, फक्त आवाज खाली करतात. म्हणून बाबांनी टाक्यांत पहिला रस पडायच्या आधी दादाला देवघरासमोर बसवून शपथ घातली होती, की जन्मात तोंडाला लावणार नाही. स्वतःही घेतली. मला शपथ घातली नाही. आईलाही नाही. आम्ही पिऊ, हा प्रश्नच कोणाच्या मनात आला नव्हता.

बाबा त्या वाईनला कधी वाईन म्हणायचे नाहीत. 'रस' म्हणायचे. गावात लोक सरळ 'दारूची भट्टी' म्हणत, तेव्हा बाबा रस्त्यात थांबून त्यांना समजावत, "दारू नाही गा, फळाचा रस आहे. सावकाश ठेवलेला." शेडमध्ये शिरताना चपला बाहेर काढायच्या. टाक्यांना हळदकुंकू लावायचं. आणि पहिली बाटली भरली की ती बुचासकट देवघरात ठेवायची, देवाला दाखवायची, मग बाकीच्या भरायच्या. आमच्याकडे नैवेद्याचा स्वयंपाक चाखत नाहीत. आई वरणातलं मीठ हाताच्या अंदाजाने टाकते आणि देवाचं पान वाढून झाल्यावरच आम्हाला कळतं, खारट झालं की अळणी. बाबांनी तोच नियम वाईनला लावला होता. मास्टर परका होता, त्याने चाखलं तर चालत होतं. घरच्यांनी मात्र देवाच्या आधी उष्टं करायचं नाही.

आता रविवारच्या पुरवणीसाठी हे लिहिताना हसू येतं. तेव्हा मला ते सुंदर वाटायचं, हेही खरं आहे.

सुंदर होतंच की. सकाळी धुकं असायचं आणि शेडच्या ओट्यावर गावातल्या बाया संत्री सोलायला बसायच्या. साल वेगळी, पांढऱ्या शिरा वेगळ्या, फोड उकलून बिया वेगळ्या. त्यांची बोटं हंगामभर पिवळी राहायची. सालींच्या ढिगावर मधमाश्या घोंगावत असायच्या, गाय येऊन दोन साली ओढून न्यायची, आणि त्या दिवसांत दुधालाही संत्र्याचा वास येतो असं आई शपथेवर सांगायची. शेडमध्ये गेलं की इडलीचं पीठ फुगल्यावर येतो तसा आंबूस वास. टाकीच्या अंगाला कान लावला की आत सतत बारीक बुडबुड चाललेली. मी नागपूरला कॉलेजात होते, सायन्सला. शनिवारच्या बसने घरी यायचे, दप्तर टाकायचे आणि आधी टाकीला कान लावायचे. रसातली गोडी किती उतरली ते काचेच्या नळीत मोजायचं काम बाबांनी माझ्याकडे दिलं होतं. मी आकडा सांगितला की ते मान डोलवायचे. त्या मान डोलवण्यासाठी मी बसमध्ये उभ्याने आले असते, आणि येतही होते.

मला वाईन करायला शिकायचं होतं. नाशिकला त्याचा अभ्यासक्रम होता. त्या वर्षीच्या दसऱ्याला मी विचारलं तेव्हा बाबा एकदम म्हणाले, "जा. आपल्या घरचाच मास्टर असला तर बाहेरचा कायले पाहिजे?" मी एवढी खूश झाले की शेडमागच्या बागेत एकटीच चक्कर मारून आले. सगळी झाडं फळांनी वाकली होती. माझं पुढचं आयुष्य मला तिथे लख्ख दिसलं होतं, या बोलण्याला कोणी नाटकी म्हणालं तरी चालेल.

तो तिसरा हंगाम. मास्टरला दुसरीकडे नोकरी लागली आणि तो आलाच नाही. त्याच सुमारास दादाने कुठून तरी वापरलेलं रस काढायचं मशीन आणलं. बायांच्या बोटांनी पहिल्या दोन टाक्या भरल्या आणि तिसरी मशीनने. मशीन चांगलंच जोरकस होतं. फळ, शिरा, बिया, सगळं एकत्र दाबून काढायचं. संत्र्याचा रस काढून ठेवला की कडवट होतो हे आमच्याकडे शेंबडं पोरही जाणतं, म्हणून तर पाहुण्याला रस दिला की "लगेच घ्या" म्हणतात. तो कडूपणा बियांत आणि शिरांत असतो. पण रस एकदा टाकीत गेला, त्याला 'वायनरी'चा बोर्ड लागला, की त्याला घरातले नियम लागू होत नाहीत असं काहीतरी दादाला वाटलं असावं.

डिसेंबरच्या सुरुवातीला मी घरी आले. तिन्ही टाक्या शांत झाल्या होत्या. दोन दिवसांनी तिन्हींतला माल एकत्र मिसळून बाटल्या भरायच्या होत्या. मी नेहमीसारखं मोजमाप घेतलं. आकडे बरोबर होते. पण तीन नंबरच्या टाकीचा वास मला पटेना. चूक सांगता येईना आणि सोडवेना. टाकीशेजारच्या स्टुलावर आमच्या घरातला एक स्टीलचा चमचा पडलेला होता. मी टाकीच्या नळाखाली तो धरला आणि तोंडाला लावला.

भर दुपारी, दार उघडं टाकून. फोडणी देणारी बाई रस्सा चाखते तसं. चोरून काही केलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही.

आधी आंबटगोड लागलं. मग गिळल्यावर जिभेच्या मुळाशी हळूहळू कडूपणा वर आला आणि तिथेच बसला. चुकून बी चावली गेल्यासारखा. मी पहिल्या दोन टाक्याही चाखल्या. त्या चांगल्या होत्या. मला आधी भीती वाटली आणि लगेच आनंद झाला, कारण वेळेवर कळलं होतं. तीन नंबर वेगळी ठेवायची, बाकीच्या दोन वाचत होत्या.

जेवायला बसलो तेव्हा मी म्हटलं, "बाबा, तीन नंबरची टाकी कडू झाली. ती बाकीच्यात मिसळू नका."

बाबांचा घास हातात राहिला. "तुले कसं माहीत?"

"चाखली."

एवढंच. ताटात वांग्याची भाजी होती, ज्वारीची भाकर होती, आणि त्यानंतर त्या घरात टाकीबद्दल कोणी एक शब्द बोललं नाही. सगळं बोलणं माझ्याबद्दल झालं.

"काय म्हणून राहिली वं तू? पेली तू?" आई म्हणाली.

"चमचाभर चाखली."

"चाखली म्हणजे पेलीच ना," दादा म्हणाला. "होस्टेलवर शिकली का हे? कोण कोण राहते सोबत?"

"दादा, टाकी कडू आहे. परवा मिसळणार आहात तुम्ही."

"टाकीचं पाहू आम्ही. तू आपलं सांग. आधी कधी पेली?"

बाबांनी हातातला घास ताटात ठेवला. ते उठले, शेडमध्ये गेले आणि तो चमचा घेऊन आले. चमचा हातात आल्यावर दादाला फारच जोर आला. घरातला चमचा घेऊन गेली, म्हणजे ही ठरवून गेली. मी परत परत सांगितलं की चमचा तिथेच होता, स्टुलावर. "चमचा आपल्या पायानं चालत गेला का तिथं?" दादा म्हणाला. आई भिंतीला टेकून उभी होती. तिने तो चमचा दादाच्या हातातून घेतला, राखेने घासला, आणि एकटीच किती तरी वेळ घासत बसली.

बाबा झोपायला जाताना दारात थांबले. "देवाच्या आधी उष्टी केली तू," म्हणाले. रागाने बोलले असते तर मी भांडले असते. ते रडवेल्या आवाजात बोलले.

ठरल्या दिवशी तिन्ही टाक्या मिसळल्या.

महिनाभर मला कॉलेजला जाऊ दिलं नाही, माझा फोन दादाकडे होता. होस्टेलच्या बाईंना घरून विचारणा झाली, मैत्रिणींच्या घरी झाली. मी चांगल्या घरची आहे की नाही याचा तपास तालुकाभर चालला होता, आणि शेडमध्ये दोन चांगल्या टाक्यांत एक कडू टाकी मिसळून बाटल्यांना लेबलं लागत होती. आई माझ्याशी बोलत नव्हती. ताट समोर ठेवायची आणि जायची. सकाळी बागेत बाहेर पडलं की तोच वास, त्याच मधमाश्या, तीच गाय. सगळं तसंच छान होतं. त्याचाच मला सगळ्यात जास्त राग यायचा.

आमच्या लोकांचा आणखी एक गुण आहे. समोर ठेवलेल्याला कोणी नावं ठेवत नाही. बाबांनी पहिल्या बाटल्या नातेवाइकांना स्वतः नेऊन दिल्या. मामांनी बाबांसमोर एक पेला घेतला, डोळे मिटले, आणि म्हणाले, "वा भाऊजी, एकदम टॉप झाली!" आमच्या घरी आलेल्या मावसभावाने तर दुसरा पेला मागून घेतला आणि बाबांचं लक्ष नसताना तुळशीत ओतला. ते मी खिडकीतून पाहिलं. बाबा सुखात होते. "साऱ्याइले आवडली," म्हणाले, आणि माझ्याकडे एकदाच पाहिलं. खोटं बोलणाऱ्या पोरीकडे बघतात तसं.

ज्यांना बाबांचं मन राखायचं नव्हतं, त्यांनी खरं सांगितलं. हॉटेलातून फोन आला. मग दुकानांतून. होळीच्या आत बाटल्या परत यायला लागल्या, ज्या खोक्यांतून गेल्या त्याच खोक्यांतून. शेडमध्ये जागा उरली नाही म्हणून त्या ओट्यावर रचल्या, जिथे बाया सोलायला बसायच्या. मी वाट पाहत होते. मला वाटलं होतं, आता कोणी तरी म्हणेल, पोरगी बरोबर सांगत होती. आई तरी म्हणेल.

आमच्या घरात मात्र वेगळाच निष्कर्ष निघाला. टाकी उष्टी झाली होती, म्हणून कडू झाली. दादाने तो बोलून दाखवला, आत्याने उचलून धरला, आणि बाबांनी त्याला कधीच नाही म्हटलं नाही. मी चाखली तेव्हा ती आधीच कडू होती, हे मी किती वेळा सांगितलं असेल. शेवटी मीच सांगायचं सोडलं. नाशिकचं नाव पुन्हा निघालं नाही. "पोरीले अजून दारूच्याच गावी पाठवू का?" असं बाबा कोणाला तरी सांगताना मी ऐकलं. 'रस' म्हणायचे ना? माझ्यासाठी त्यांनी पहिल्यांदा दारू हा शब्द वापरला.

पुढच्या वर्षी शेड बंद झालं आणि त्याच उन्हाळ्यात माझं लग्न झालं. आता दोन टाक्यांत फवारणीचं पाणी भरतात. बोर्ड गोठ्याच्या फाटकाला ठोकलाय. मी नागपूरच्या मिहान औद्योगिक वसाहतीतल्या एका कंपनीत आहे. सरबतं, ज्यूस, शीतपेयं यांची चव तपासायचं काम माझ्याकडे आहे. म्हणजे मी रोज चाखते आणि त्याचा पगार घेते. मी ‘नको’ म्हटलं तर आख्खी खेप थांबते. हे मी माहेरी एकदा सांगितलं होतं. "बरं आहे," बाबा म्हणाले, आणि माझ्या नवऱ्याला, सुधीरला विचारलं, "तुमचं कसं चालू आहे, जावईबापू?"

या नोव्हेंबरात बाबांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नागपूरला झालं, म्हणून आईबाबा आठवडाभर आमच्याकडे होते. ते आले तेव्हा बाबांच्या पिशवीत टॉवेलमध्ये गुंडाळलेली एक बाटली होती. त्या हंगामातली. देवघरात ठेवलेली पहिली बाटली, आजवर न उघडलेली. दादाच्या मनात पुन्हा वायनरी काढायचं चाललंय, कोणी भागीदार मिळालाय, आणि बाबांना त्याआधी एकदा कळून घ्यायचं होतं की नेमकं काय चुकलं होतं. संध्याकाळी हॉलमध्ये त्यांनी ती बाटली सुधीरसमोर ठेवली. डोळ्यावर काळा चष्मा, आवाजात मात्र जुनी उमेद.

"जावईबापू, तुम्ही घेता कधी कधी. पुरुष माणसाचं काय आहे त्यात. जरा पाहून सांगा."

माझा नवरा मित्रांबरोबर बिअर घेतो. त्याला वाईनमधलं काडीचं कळत नाही, हे तोही मान्य करेल. त्याने एक घोट घेतला, तोंड वाकडं केलं आणि म्हणाला, "बाबा, कडू आहे हो थोडी."

बाबा एकदम पुढे सरकले. "कडू? म्हणजे कशी कडू? सालीसारखी का बीसारखी?"

"तसं... बीसारखी असेल."

"बी! मशीनमधी बी फुटली असंन. बघा, लगेच कळलं तुम्हाले. तवा कोणी सांगणारं नव्हतं आमच्याजवळ." ते खरंच भारावले होते. "या बारीले चव पाहाले तुम्हीच या, जावईबापू."

तेव्हा कोणी सांगणारं नव्हतं. मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसले होते, मांडीवर भाजी निवडायचं ताट घेऊन. सुधीरने माझ्याकडे पाहिलं, हसला, आणि त्याला जे म्हणायला हवं होतं ते म्हणाला नाही. त्याला तो मान आवडला होता. मी ताट खाली ठेवलं, त्याच्या हातातला पेला घेतला आणि बाबांच्या समोर शेवटच्या थेंबापर्यंत प्याले. आंबटगोडपणा केव्हाच मेला होता. कडूपणा जिथल्या तिथे होता.

"बियांचा आहे," मी म्हटलं. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

बाबांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

मी स्वयंपाकघरात आले. आई मागोमाग आली, माझ्या हातातून पेला घेतला आणि बेसिनमध्ये धुवायला लागली. एकदा धुतला, परत साबण लावला. मला तो चमचा आठवला, ती राख आठवली. माझ्याकडे पाठ ठेवूनच ती म्हणाली, "कडूच होती वं. मले माहीत होतं."

"काय माहीत होतं?"

"तू आली त्याच्या आदल्या दिवशी चाखली होती मी. वास येऊन राहिला होता ना, म्हून. चमचा मीच इसरली होती तिथं."

नळ चालू होता.  दादा चमचा नाचवत होता तेव्हा ही भिंतीला टेकून उभी होती. महिनाभर माझ्यासमोर ताट ठेवून ही निघून जात होती. पंधरा वर्षं माझ्या नावावर असलेलं ते उष्टं हिचं होतं, आणि ते उष्टं नव्हतंच, ती त्या घरातली एकमेव खरी चव होती, आम्हा दोघींना मिळून कळलेली. ती एक शब्द बोलली असती तर आम्ही दोघी होतो. तिने मला एकटीला ठेवलं. मला तिची कीव यायला हवी होती, असं सुधीर नंतर म्हणाला. मला नाही आली.

तिने नळ बंद केला, पेला पदराने कोरडा केला आणि हॉलच्या दाराकडे बघत हळूच म्हणाली, "सांगू नको त्याइले."

मी बाबांना काही सांगितलं नाही. आईबाबा काटोलला परत गेले. डोळ्याचं ऑपरेशन छान झालं आहे, बाबांना आता बारीक अक्षरसुद्धा स्वच्छ दिसतं, आणि रविवारची पुरवणी ते पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचतात.